बीएसएफ काय नि आर्मी काय, एकच ना?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगा बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे, त्याला बॉर्डरवरच जायचंय आणि घरचे म्हणतात बीएसएफ काय नि आर्मी काय, एकच, जे आधी लागेल ते घे. असं नका करू हो. कामंच वेगळी आहेत.

आर्मी संरक्षण मंत्रालयाची, बीएसएफ म्हणजे सीमा सुरक्षा दल, ती गृह मंत्रालयाची. १९६५ पर्यंत पाकिस्तान सीमेवर त्या त्या राज्याचे पोलीस असायचे, त्या वर्षी एप्रिलमध्ये कच्छमध्ये पाकिस्तानी सैन्याने हल्ला केला तेव्हा कळलं की पोलिसांना हे झेपणारं नाही, पण शांततेच्या काळात अख्ख्या सीमेवर आर्मी बसवणंही बरं नाही, म्हणून १ डिसेंबर १९६५ ला बीएसएफ उभी राहिली. पहिले प्रमुख रुस्तमजी, आपल्या कामठीत जन्मलेले, ते पोलीस अधिकारीच होते. आज पाकिस्तान आणि बांगलादेश सीमा बीएसएफकडे, चीन सीमा आयटीबीपी आणि नेपाळ-भूतान एसएसबी या गृह मंत्रालयाच्याच दुसऱ्या दलांकडे, काश्मीरमधल्या एलओसीवर म्हणजे नियंत्रण रेषेवर मात्र आर्मी आणि तिथले बीएसएफवाले तिच्याच हुकमाखाली.

आता बांगलादेश सीमेवरचा बीएसएफ जवानाचा दिवस बघा. कुंपण झीरो लाइनपासून, म्हणजे प्रत्यक्ष सीमारेषेपासून, साधारण १५० यार्ड आत, त्यामुळे कितीतरी शेतकऱ्यांची जमीन पलीकडे राहिलीय, ठरल्या वेळेला गेट उघडतं, जवान ओळखपत्र बघून नोंद करून एकेकाला सोडतो आणि संध्याकाळी गेलेले सगळे परत आले का ते बघतो. रात्री त्याच पट्ट्यात गुरं नाहीतर कफ सिरप पलीकडे नेणारे येतात. पकडलं तर झडती, जप्ती, अटक करता येते पण तपास नाही, माणूस पोलिसांच्या ताब्यात द्यायचा. म्हणजे माणसं ओळखायची, डोकं शांत ठेवायचं, गोळी अगदी शेवटी. हे मनापासून आवडणारा पोरगाच तिथे टिकतो.

दंगलीत आर्मी येते त्याचं काय, हेही विचारलंत. येते, पण पोलीस आणि केंद्रीय दलांना आवरेनासं झालं की मॅजिस्ट्रेट बोलावतो, बीएनएसएसच्या, म्हणजे जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या, कलम १४९ मध्ये ते आहे, आणि काम झालं की परत. हे असंच राहावं असं मला फार वाटतं, कारण सैनिकाचं ट्रेनिंग शत्रूला संपवायचं असतं, नागालँडच्या मोन जिल्ह्यात २०२१ मध्ये खाणीतून घरी निघालेल्या मजुरांना अतिरेकी समजून आर्मीच्या जवानांनी गोळ्या झाडल्या, ती माणसं आपलीच होती.

तर मुलाला आधी विचारा, लढाईची तयारी करत राहायची आवड आहे की रोज माणसांशी गाठ पडणारं काम हवंय? पहिलं असेल तर सीडीएस, म्हणजे सैन्यात अधिकारी व्हायची परीक्षा, दुसरं असेल तर सीएपीएफ असिस्टंट कमांडंट, म्हणजे बीएसएफसारख्या केंद्रीय दलांत अधिकारी व्हायची, दोन्ही परीक्षा यूपीएससीच्याच, सीएपीएफला वय २० ते २५ आणि डिग्री लागते. याच दलांत शिपाई म्हणून घेणाऱ्या एसएससी जीडी कॉन्स्टेबलचा फॉर्मही भरून ठेवू दे. आर्मीतली अग्निवीर भरती ४ वर्षांची, त्यातले जास्तीत जास्त २५ टक्केच कायम होतात, डिग्री हातात येत असताना तिकडे घाईने जाऊ नये असं माझं मत. पेन्शनचं म्हणाल तर बीएसएफमध्ये नवीन भरतीला आर्मीसारखी जुनी पेन्शन नाही, हे त्याला फॉर्म भरायच्या आधीच सांगा.