पाकिटावर नावं दोन, दारात माणसं सहा

पत्रिका छापून झाल्या. त्यात ‘सहकुटुंब, सहपरिवार’ आहे; आम्हांला मात्र काही घरांतून दोघांनाच बोलवायचंय. – लोकमान्यनगर

‘सहकुटुंब’ छापलंत की एका चुलीवर जेवणारे सगळे आले, म्हातारीपासून तान्ह्यापर्यंत. घरटी चार धरा: २०० पत्रिका म्हणजे ८०० पानं. इंदूरच्या खजराण्याच्या गणपतीला पहिली पत्रिका ऋद्धि-सिद्धीसकट द्या, बाकीच्यांचा विचार करा. नुसतं पाकिटावर ‘श्री. व सौ.’ लिहून भागत नाही, कारण पाकीट लगेच फाटतं आणि मजकूर तेवढा वाचला जातो. अशा घरांसाठी रिसेप्शनचं छोटं कार्ड वेगळं छापा. त्यात ती ओळ नको, नावं हातानं लिहा. देताना तोंडानंही सांगा, ‘तुम्ही दोघांनी नक्की यायचं.’ वेगळी चूल मांडलेल्या मुलाला मात्र स्वतंत्र पत्रिका. वडिलांच्या पत्रिकेत त्याला गुंडाळलंत तर रुसवा ठरलेला.

बोलावणं आम्हां दोघांनाच आहे, पण त्याच आठवड्यात नणंद आणि तिची दोन मुलं आमच्याकडे उतरलीत. त्यांना नेलं तर चालेल का? – सुदामानगर

न विचारता नाही. ‘त्यांना आणू का?’ असंही विचारू नका; समोरच्याला नाही म्हणता येत नाही. फोनवर एवढंच सांगा, ‘घरी पाहुणे आहेत, तेव्हा आम्ही धावती भेट देऊन निघू.’ यजमानांना जमणार असेल तर ते लगेच ‘त्यांनाही घेऊन या’ म्हणतील. तसं म्हणाले नाहीत, तर उत्तर मिळालं. हा फोन तीन-चार दिवस आधी करा. आदल्या दिवशी केटररचा आकडा पक्का झालेला असतो. आणि ‘मुलं काय खाणार’ हे बफेत खरं नाही. प्लेट उचलली की मोजली.

ऑफिसच्या बोर्डावर ‘समस्त स्टाफ’ अशी पत्रिका लागलीये. बायकोला नेऊ का? – राजेंद्रनगर

नाही. ते बोलावणं फक्त स्टाफला. सगळ्यांचा मिळून एक आहेर चालतो, मात्र पाकिटावर सगळ्यांची नावं हवीत. व्यवहाराच्या, म्हणजे आहेर टिपायच्या वहीत ‘ऑफिस’ एवढंच लिहिलं गेलं, तर पुढे परतफेड कुणाला करायची? यजमानांनी खरं तर बोर्डावर पत्रिका लावूच नये. चाळीसपैकी आठ येतील की पस्तीस, याचा अंदाज कुणालाच बांधता येत नाही.

भाचीचा साखरपुडा झालाय. होणाऱ्या जावयांना बोलवायचं का?

हो, नावानं आणि वेगळं. भाचीच्या मागून ‘आलेच’ असं व्हायला नको.

न बोलावलेली माणसं आलीच तर? – वधूपिता

दारात कुणाला अडवायचं नाही, हिशेब आत सांभाळायचा. जादा प्लेटचा दर आधीच लिहून घ्या. सुरुवातीच्या आणि उरलेल्या प्लेटा केटररच्या माणसाबरोबर घरच्या एकानं मोजाव्यात, नाहीतर बिलावरून रात्री वाद होतो. आधी संपतात ते मोजून केलेले पदार्थ: गुलाबजाम, पनीर. भात, वरण आणि पुरीची कणीक वाढवता येते. ती सोय ठेवायला सांगा. मोजके पदार्थ काउंटरवर एकदम मांडू न देता टप्प्याटप्प्यानं काढा. पंगत असेल तर घरची मंडळी शेवटच्या पंगतीला. देवउठनी (कार्तिकी) एकादशीसारख्या दिवशी एकेका घराला तीन-तीन लग्नं असतात, बरेच जण नुसत्या अक्षता टाकून पुढे पळतात. त्या दिवशी ‘येतो’ म्हणालेल्या सगळ्यांची पानं धरू नका.