हवेची बोट: मोठी की लहान? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न: आम्ही चौघं, नवरा-बायको आणि नऊ व सहा वर्षांची मुलं. रविवारी दिवाडी-चोडण बेटांच्या बाजूला खारफुटीत फिरायचा विचार आहे. दुकानदार म्हणतो, २.७ मीटरची बोट चार माणसांची आहे. मेव्हणे म्हणतात, ३.३ मीटरचीच घ्या. कोणाचं ऐकू? (फोंडा)

उत्तर: दुकानदार खोटं बोलत नाही. पण बोटीवरच्या पट्टीतला आकडा ती किती वजन पेलेल एवढंच सांगतो, माणसं बसणार कुठे ते सांगत नाही. २.७ मीटर ही बाहेरून मोजलेली लांबी. कडेच्या फुगवलेल्या ट्यूबची जाडी आणि इंजिन जिला लावतात त्या पाटीमागची निमुळती टोकं वजा केली की आत उरते सुमारे १.९ मीटर लांब आणि पाऊण मीटरहून कमी रुंद जागा. त्यात इंधनाची टाकी, नांगर, दोर, पाणी, डबा. म्हणजे चौघांपैकी दोघं ट्यूबवर बसणार, आणि ती जागा मुलं हट्टाने मागणार. चालत्या बोटीत मुलाला ट्यूबवर बसवू नका. वळताना तोल जातो तो तिथूनच, आणि मागे पंखा फिरत असतो.

मग मेव्हण्यांचं खरं का? जागेपुरतं खरं. पण ॲल्युमिनियमच्या तळाची ३.३ मीटरची बोट साठेक किलोची भरते, आणि तिला साजेसं दहा हॉर्सपॉवरचं इंजिन चाळीस किलोच्या आसपास. ओहोटीला धक्क्यापासून पाण्यापर्यंत नुसता चिखल असतो. तिथून हे ओझं तुम्ही दोघं, मुलांवर लक्ष ठेवून, उचलाल? दोन-तीन रविवार उचलाल. नंतर बोट पडवीत पडून राहील. अशा कितीतरी पडवीतल्या बोटी मी पाहिल्या आहेत. म्हणून माझं माप एकच आहे: घरातली दोन माणसं दमलेली असताना जी उचलू शकतील, त्यांतली सर्वांत मोठी बोट घ्यावी. तुमच्यासाठी ती ३ मीटरची, फुगवायच्या तळाची, चाळीसेक किलोची बोट ठरते. सोबत सहा हॉर्सपॉवरचं इंजिन, पंचवीस-सव्वीस किलोचं. बोट आणि इंजिन वेगवेगळ्या खेपांत न्यायचं.

भरती चढत असताना आत शिरा आणि ती उलटायच्या आत बाहेर या. उधाणाला आपल्याकडे दोन मीटरच्या वर पाणी चढतं-उतरतं. आत अडकलात तर खारफुटीच्या मुळांना चिकटलेले कालवांचे शिंपले ट्यूबला पात्यासारखे लागतात. चोडणच्या सलीम अली पक्षी अभयारण्यात जायला वन खात्याची परवानगी लागते, ती आधी घ्या. कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत. मुलांना घेऊन तिकडे ही बोट नेऊ नका.

प्रश्न: मी आणि मित्र २.३ मीटरच्या बोटीतून शापोरा नदीत गरवायला (गळाने मासे धरायला) जातो. आता मुखाबाहेर समुद्रात जायचं आहे. ३.६ मीटरची घेतली तर चालेल ना? मोठी बोट सुरक्षित असते, असं सगळे सांगतात. (शिवोली)

उत्तर: लाटेवर ती कमी आपटते हे खरं. ट्यूब जाड असतात, अंगावर पाणी कमी येतं, पंधरा हॉर्सपॉवरच्या इंजिनाने ती पाण्यावर उचलून पळते. तुमची २.३ मीटरची बोट पाणी कापत ताशी साडेसहा-सात किलोमीटरवर अडते. त्या वेगाने ओहोटीच्या ओढीविरुद्ध परत यायला किती वेळ लागतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

पण नदीच्या मुखाशी वाळूचा दांडा असतो. ओहोटीचं बाहेर धावणारं पाणी आणि समोरून आत येणारा वारा भिडले की लाट आखूड आणि उभी होते, दांड्यावर फुटते. फुटणारी लाट नाकाखाली घुसली तर ३.६ मीटरची बोटही उलटते. सकाळी मतलई, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे जाणारा, वारा असतो, पाणी सपाट दिसतं, माणूस भुलून लांब जातो. दुपारी वायव्येचा वारा सुटतो आणि परतीची वाट तेवढीच राहत नाही.

झुवारीच्या मुखाशी माझं इंजिन एकदा असंच बंद पडलं. बोट ३.६ मीटरचीच होती. आम्ही दोघं जीव तोडून वल्हवत होतो आणि किनारा दूर जात होता, कारण मोठ्या ट्यूब वाऱ्याला शिडासारख्या असतात आणि हवेची बोट वल्ह्यांना मुळीच नीट चालत नाही. शेवटी नांगर टाकला. दोर तीस मीटर होता म्हणून नांगराने तळ धरला. बोट थांबल्यावर डोकं चाललं: टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद राहिला होता. सैल केला, इंजिन लागलं. तेव्हापासून बोट कोणती, या प्रश्नाआधी मी नांगर आणि दोर विचारतो.

मुखाबाहेर जायचंच असेल तर ३.६ घ्या, पण पहाटे निघून दहाच्या आत परत, दोघांच्या अंगात लाइफ जॅकेट (पायाखाली ठेवलेलं नव्हे), आणि पावसाळ्यात अजिबात नाही. मित्र दर वेळी येणार नसेल तर आहे तीच ठेवा आणि नदीतच गरवा. तामसो मासा नदीतही मिळतो.

प्रश्न: लहान बोटीला मोठं इंजिन लावलं तर? (डिचोली)

उत्तर: नको. बोटीवरच्या पट्टीत लिहिलेल्या कमाल हॉर्सपॉवरच्या वर जाऊ नका. मागे वजन वाढतं, नाक वर येतं, आणि समोरून वारा आला तर बोट मागे उलटू शकते. इंजिन लावण्याआधी नोंदणीचं पणजीच्या बंदर कप्तान खात्यात विचारून घ्या.

प्रश्न: ३.८ मीटरची जुनी बोट नव्या लहान बोटीच्या किमतीत मिळते आहे. घेऊ का? तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. (म्हापसा)

उत्तर: नव्वद किलो तिसऱ्या मजल्यावर कोण चढवणार? खाली छपराची जागा असेल तरच पुढे वाचा.

कापड कोणतं ते आधी विचारा. पीव्हीसी असेल आणि बोट वर्षानुवर्षं उन्हात पडलेली असेल तर हात फिरवा. चिकट लागली तर सोडून द्या. हायपॅलॉन (रबरी लेपाचं कापड) आपलं ऊन जास्त सोसतं, पण जोड त्यातही सुटतात. संध्याकाळी सगळे कप्पे सारखे फुगवून घ्या, साधारण ०.२५ बार दाबापर्यंत, आणि रात्रभर ठेवा. सकाळी गारव्याने सगळ्याच ट्यूब थोड्या मऊ झालेल्या असतील, त्याची काळजी नको. हीच हवा भर उन्हात तापली की दाब ०.३५ च्या आसपास जातो, म्हणून वाळूवर बोट ठेवताना थोडी हवा सोडावी लागते. एकच कप्पा बाकीच्यांपेक्षा ढिला पडला असेल तर तिथे साबणाचं पाणी लावा. बुडबुडे कापडावर आले तर ठिगळ लागेल. इंजिनाच्या पाटीच्या जोडाशी आले तर बोट घेऊ नका, किंमत आणखी उतरवली तरी.