वाचकांचे प्रश्न: तिखट किती, पाणी कुठवर?

गेल्या अंकात आम्ही विचारलं होतं: कोल्हापूरकर म्हणून बाहेर जे ऐकावं लागतं त्यातलं खरं काय, खोटं काय, आणि त्याचं करायचं काय? पत्रं भरपूर आली. अभिमान आणि वैताग बहुतेकांनी एकाच पाकिटात घालून पाठवलाय. त्यातली पाच निवडली.

पुण्याचे व्याही पहिल्यांदाच जेवायला येणार आहेत. ‘आम्हाला तुमचं तिखट झेपायचं नाही’ असं आधीच कळवलंय. मटण करू की नको?
(मंगळवार पेठ)

करा की! फक्त पांढरा रस्सा आधी वाढा, ताई. एक किलो मटण आलं-लसूण आणि मीठ लावून दोन लिटर पाण्यात शिजवा. हे शिजवलेलं पाणी म्हणजे अळणी, पांढऱ्या-तांबड्या दोन्ही रश्श्यांचं मूळ. हळद नखभरच, हात सैल सुटला की पांढरा पिवळा होतो. पांढऱ्यासाठी लिटरभर अळणी बाजूला काढा. दहा-बारा काजू आणि चमचा चमचा तीळ-खसखस भिजवून गंधासारखं वाटा. तुपात दालचिनी, लवंग, वेलदोडा, मिरी, त्यावर वाटण, मग अळणी. उकळी आली की आच मंद करून एका नारळाचं घट्ट दूध अगदी शेवटी घाला. घात इथंच होतो. दूध घातल्यावर खळखळा उकळलं की रस्सा फुटतो, वर तवंग आणि खाली चोथा. पाहुणे उशिरा आले म्हणून पुन्हा गरम करताना तर हमखास. मंद आचेवर ढवळत राहा, वाफ आली की उतरा. या वाटीत लाल मिरची नाहीच, मिरीचा चटका तेवढा.

तांबड्याला रंग येतो ब्याडगीनं आणि झणका लवंगी मिरचीनं. चटणीत, म्हणजे आपल्या तिखट मसाल्यात, ब्याडगी वाढवली, लवंगी कमी केली, तर रस्सा लालभडक दिसूनही बेताचा लागतो. कडकडीत तेलात कांदा-लसूण चटणी टाकू नका, करपून कडू होते. आच बंद करून चटणी घाला आणि लगेच अळणी ओता. ‘व्हेज कोल्हापुरी’ नावाची भाजी बाहेरच्या हॉटेलांत खाऊन कुणी आपल्याविषयी मत बनवलं असेल, तर त्याला आपला इलाज नाही.

पोरगी पुण्यात शिकते. ‘मी आलो, मी जातो’ म्हणाली की मैत्रिणी हसतात. आता घरी फोनवरसुद्धा जपून बोलते. भाषा सुधार म्हणावं का?
(कसबा बावडा)

बिघडलंय काय म्हणून सुधारायचं? याला पक्का नियम आहे. आपल्याकडची बाई स्वतःबद्दल ‘आलो, जातो, करतो’ म्हणते, पण दुसरीबद्दल ‘ती आला’ असं कुणाच्या तोंडी येत नाही. तिथं ‘ती आली’च. चुकून बोललेल्या भाषेत इतकी शिस्त नसते. अर्जात, मुलाखतीत ‘आले, जाते’ वापरावं. ते तिला येतंच. काळजी तिच्या जपून बोलण्याची करा. फोनवर तिनं ‘आले’ म्हटलं की ‘काय, पुणेकरीण झालीस व्हय?’ असं घरातलंच कुणी म्हणत असेल, तर ते आधी बंद करा. दोन्हीकडून थट्टा झाली की पोरं गप्प होतात.

नदीकडच्या बाजूला फ्लॅट बघितलाय. बिल्डर म्हणतो, इथं पाणी येत नाही. कोल्हापूर सोडवत नाही, पण ऑगस्ट आला की पोटात गोळा येतो. काय तपासू?
(शाहूपुरी)

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट. 2019 मध्ये पाणी 55 फूट 7 इंचांवर गेलं, 2021 मध्ये 56 फूट 3 इंचांवर. बिल्डरला सोडा, गल्लीतल्या किराणावाल्याला विचारा: या दोन्ही वर्षी पाणी कितव्या पायरीला होतं? भिंतीवरचा मातकट पट्टा रंगाखाली जातो, पण जिन्याखाली आणि मीटरच्या पेटीमागं बघा, बरेचदा तिथं तो शिल्लक असतो. मग जलसंपदा विभागाच्या पूररेषेच्या नकाशावर आपला सिटी सर्व्हे नंबर कुठं पडतो ते पाहा. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. यातलं ‘एकदा’ सरासरीचं आहे, भरवसा ठेवू नका. वरच्या दोन पुरांत अंतर दोनच वर्षांचं.

तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट कोरडा राहील. पण मीटर, लिफ्टचा खड्डा, पंप आणि जमिनीखालची टाकी सगळं तळाशी असतं. टाकीत पुराचं पाणी शिरलं तर ती उपसून, घासून, क्लोरिन टाकल्याशिवाय वापरता येत नाही. मीटर पहिल्या मजल्याच्या उंचीवर घेतलेत का, हे सौद्याआधी विचारा. नदी दारात आणि नळ कोरडा, हेही दोन्ही वर्षी झालं, कारण उपसा केंद्रंच पाण्यात गेली होती. पिण्याचं पाणी भरून ठेवायला गच्चीवर जागा हवी.

आणि शहरात ऊन पडलंय म्हणून निर्धास्त राहू नका. पंचगंगा चढते ती राधानगरी, गगनबावडा, पन्हाळ्याकडच्या पावसानं. राधानगरी धरण भरलं की सात स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडू लागतात, एकेकातून 1428 क्युसेक. बातमीत दरवाज्यांचा आकडा वाढला की गाडी उंचावर हलवा.

पोरगा मेकॅनिकलचा डिप्लोमा झालाय. ‘इथं मटण आणि तालीम सोडून आहे काय’ म्हणतो.
(उद्यमनगर)

उद्यमनगरात राहून हे म्हणतोय? शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या फाउंड्र्या आणि मशीन शॉप त्यानं आतून बघितलेत का? नुसता ऑपरेटर म्हणून लागला तर पगार अडकतो, हे मात्र त्याचं खरं. ड्रॉइंग वाचता येणं, व्हीएमसीचं (संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनचं) प्रोग्रॅमिंग, आणि कास्टिंगमध्ये ब्लोहोल (ओतकामात वायू अडकून पडलेलं भोक) आला तर वाळूत ओलावा जास्त की वायू निघायला वाट कमी, हे ओळखणं, एवढं शिकला तर त्याची किंमत वाढते. सॉफ्टवेअरमध्ये जायचं असेल तर पुणं बरं, उगाच अडवू नका. तालमीचं म्हणाल तर पेपरात ‘पाटाकडील’, ‘दिलबहार’ ही तालमींची नावं हल्ली फुटबॉलच्या पानावर जास्त दिसतात.

नवी कोल्हापुरी चप्पल पावसात भिजली, आता आखडली. परगावी ‘कोल्हापुरी टिकत नाही’ म्हणून ऐकावं लागतं.
(राजारामपुरी)

उन्हात वाळवली असणार. झाडाच्या सालीनं कमावलेलं कातडं भिजल्यावर उन्हात आखडतं आणि तडकतं. आत वर्तमानपत्र कोंबून सावलीत दोन-तीन दिवस ठेवा, मग पट्ट्यांना एरंडेल चोळा आणि रोज अर्धा तासच घाला. पुढच्या वेळी घेताना कड बघा: शिवण चामड्याच्या वादीची असावी, खिळा नको. आणि 2019 चं भौगोलिक मानांकन महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून आहे. तेव्हा दुकानदार ‘बेळगावकडची आहे’ म्हणाला, तर नाक मुरडू नका. शिवण तेवढी तपासा.