ताटीबाहेर कोण उभं आहे?

वेंगुर्ल्याच्या ताई,

वडील गेल्यावर भावाने 'बँकेचं काम आहे' म्हणून हक्कसोडपत्रावर तुमची सही घेतली, काजूची बाग विकली, आणि तुम्हाला ते गेल्या मे महिन्यात शेजाऱ्यांकडून कळलं. गणपतीला तुम्ही माहेरी गेला नाहीत. आता देवळातल्या भजनात मुक्ताबाईचे ताटीचे, म्हणजे झोपडीच्या दाराचे, अभंग ऐकलेत, 'योगी पावन मनाचा, साही अपराध जनाचा' ही ओळ रुतून बसली, आणि तुम्ही विचारताय : हे मलाच सांगणं आहे का, की भावाला माफ कर? मला जमत नाही, माझंच मन कोतं का?

नाही. त्याने फसवलंय. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीत तुमचा वाटा त्याच्याइतकाच होता. फसवून घेतलेल्या सहीला कोर्टात आव्हान देता येतं, पण फसवणूक कळल्यापासून 3 वर्षांच्या आत. वकील गाठा. भावाबद्दल मला एवढंच म्हणायचंय.

मला सोडवत नाहीये ते तुमच्या पत्रातलं एक भलतंच वाक्य. 'भाची अधूनमधून फोन करते, मी उचलत नाही.' एवढंच लिहिलंत, आणि लगेच पुन्हा बागेकडे वळलात!

अभंगांमागची गोष्ट आठवा. लोकांनी अपमान केला म्हणून ज्ञानदेव ताटी लावून आत बसले. बाहेर कोण आहे? अपमान करणारे केव्हाच आपापल्या घरी गेलेत. उभी आहे ती चार भावंडांतली सगळ्यांत धाकटी, 'संन्याशाची पोरं' हा टोमणा त्यांच्याइतकाच सोसलेली. आणि ती म्हणते, 'मजवरी दया करा, ताटी उघडा ज्ञानेश्वरा.' दया ती स्वतःसाठी मागते आहे. ताटी लावली लोकांवर रागावून, आणि बाहेर राहिली मुक्ताई.

तुमच्या भाचीने कुठल्या कागदावर सही घेतली होती? तिची आत्या एकाएकी यायची बंद झाली. का, ते घरात तिला कोणी धड सांगितलंही नसेल. तरी ती पोर नंबर लावते आहे. मला राग आला तो इथे, ताई.

माफी राहू दे बाजूला. तिला वर्षं लागतील, कदाचित यायचीही नाही. आज संध्याकाळी भाची शाळेतून आली की तुम्ही होऊन फोन करा. बागेचा विषय काढू नका. गणपतीत तिने कुठल्या आरत्या म्हटल्या ते विचारा, मे महिन्यात राहायला बोलवा. मध्येच भावाने फोन हातात घेतला, तर म्हणा, 'तिच्याकडे दे.'