मॅन्सनने खरंच मंकीजसाठी ऑडिशन दिली होती का?

प्रश्न: आमच्या क्विझ ग्रुपमध्ये साठच्या दशकातल्या अमेरिकन गाण्यांवर राउंड झाला. चार्ल्स मॅन्सनने, म्हणजे त्या खुनी पंथाच्या कुख्यात म्होरक्याने, मंकीज बँडसाठी ऑडिशन दिली होती का, यावरून दोन गट पडलेत. खरं काय?

उत्तर: साफ खोटं. त्या ऑडिशन १९६५ मध्ये झाल्या आणि तेव्हा हा बाबा जेलमध्ये होता, सुटला थेट मार्च १९६७ मध्ये. तरी ही अफवा काही मरत नाही.

पुढच्या वेळी तुम्हीच विचारा, मॅन्सनचं गाणं कुठल्या बँडने काढलं? बीच बॉईजने! १९६८ मध्ये त्यांचा ड्रमर डेनिस विल्सन याच्या घरी मॅन्सन आपला अख्खा गोतावळा घेऊन येऊन राहिला, फुकटचं खाणंपिणं, हलायचं नाव नाही. त्याचं 'सीझ टू एक्झिस्ट' डेनिसने उचललं, 'एक्झिस्ट'चं 'रेझिस्ट' केलं, नाव ठेवलं 'नेव्हर लर्न नॉट टू लव्ह' आणि डिसेंबरात सिंगलच्या बी साइडला (रेकॉर्डच्या मागच्या बाजूला) टाकलं, क्रेडिट एकट्या डेनिसचं. शब्द बदलले म्हणून मॅन्सन जाम भडकला म्हणे. चाल गोड आहे हो, पण माहीत झाल्यावर ऐकवत नाही.

संगीत निर्माता टेरी मेल्चरनेही त्याला रेकॉर्ड काँट्रॅक्ट दिलं नाही. मेल्चर आधी लॉस एंजेलिसमधल्या ज्या सिएलो ड्राइव्हवरच्या घरात भाड्याने राहायचा, तिथेच ऑगस्ट १९६९ मध्ये मॅन्सनच्या माणसांनी गरोदर अभिनेत्री शॅरन टेटसकट पाच जणांना मारलं. मेल्चर तेव्हा तिथून कधीच निघून गेला होता.