वाचक विचारतात : परभणीचा मेमो घेऊन शिकागोच्या वर्गात

प्रश्न : मराठी साहित्य घेऊन बी.ए. केलं आणि लगेच लग्न झालं. ह्यांची कंपनी आता त्यांना शिकागोजवळ पाठवते आहे. मी एच-४ व्हिसावर, म्हणजे जोडीदाराला मिळतो त्यावर, सोबत जाणार. नुसतं घरी बसायचं नाही, एवढं ठरवलंय. आम्ही राहणार तिथून जवळ एक कम्युनिटी कॉलेज आहे. त्यात ह्युमॅनिटीज (साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान वगैरे) आणि अमेरिकन कल्चर असे विषय दिसले आणि मन तिकडेच ओढ घेतंय. हे म्हणतात, कोडिंगचा कोर्स कर, नोकरी तरी लागेल. माझं इंग्रजी वाचण्यापुरतं. मला झेपेल का?
— एक वाचक भगिनी, परभणी

उत्तर : ताई, आधी ह्यांच्या मुद्द्याचं बोलू. एच-४ वर शिकायला पूर्ण मुभा आहे. पूर्णवेळ शिका नाहीतर एकच विषय घ्या, वेगळा विद्यार्थी व्हिसा लागत नाही. नोकरीला मात्र सहसा परवानगी नसते. नवऱ्याच्या ग्रीन कार्डातली आय-१४० ही पायरी मंजूर झाली की वर्क परमिटसाठी अर्ज करता येतो, आणि तिथपर्यंत बऱ्याच जणींची काही वर्षं निघून जातात. म्हणजे कोडिंग शिकलात तरी पगार लगेच सुरू होणार नाही. कमवायची परवानगीच नाही त्या काळात आवडीचं शिकलात तर नुकसान कुणाचं? हे त्यांना जेवताना सांगा, भांडताना नको.

आता कॉलेजविषयी. यूजीसीने २०१३ च्या सुमारास आपल्याकडेही कम्युनिटी कॉलेजची योजना आणली, पण ती मुख्यतः कौशल्याच्या सर्टिफिकेट-डिप्लोमांची. ते चित्र डोळ्यांपुढून काढा. तिकडचं कम्युनिटी कॉलेज म्हणजे त्या त्या भागातल्या लोकांच्या करावर चालणारं, दोन वर्षांचं कॉलेज. साधारण साठ क्रेडिट झाले की असोसिएट डिग्री मिळते. पुढे कुणी विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जातं, कुणी कामाला लागतं. तुम्ही निघालात त्याच इलिनॉय राज्यात जोलिएट नावाचं गाव आहे. तिथे १९०१ मध्ये सहा विद्यार्थ्यांवर ज्युनियर कॉलेज सुरू झालं. सरकारी कम्युनिटी कॉलेजांचा उगम तिथूनच धरतात, आणि ते आजही चालू आहे. प्रवेशाला मेरिट लिस्ट नाही. येईल त्याला घ्यायचं. लातूर-नांदेडच्या कटऑफवर वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे ऐकून आधी शंकाच येते की मग कॉलेज काय लायकीचं असणार! पण चाळणी आत गेल्यावर लागते, दर आठवड्याला.

हे मी ऐकीव सांगत नाही. लेकीकडे राहत होते तेव्हा तिथल्या कम्युनिटी कॉलेजातल्या एका प्राध्यापिकेने मला तिच्या संध्याकाळच्या वर्गात मागे बसू दिलं होतं. नांदेडला जन्मभर इंग्रजी शिकवलेली बाई मी, वाटलं होतं, आपल्याला यात नवीन काय असणार. पहिल्या रांगेत नर्सिंग होममध्ये रात्रपाळी करणारी एक मुलगी, अंगावर गणवेश तसाच. तिच्या बाजूला फौजेतून परत आलेला तिशीतला गडी, मग बारावीतच कॉलेजचे क्रेडिट जमवणारा एक पोरगा, आणि सगळ्यात मागे, माझ्याजवळ, मेक्सिकोहून आलेली एक आजी. वर्ग उशिरा संपायचा, तरी कुणी घड्याळ बघत नव्हतं. त्या दिवशी फ्रेडरिक डग्लस यांचं १८५२ चं भाषण होतं. गुलामीतून पळून सुटलेला हा माणूस अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या दुसऱ्या दिवशी गोऱ्या श्रोत्यांना तोंडावर विचारतो, तुमचा हा चार जुलै गुलामाच्या काय कामाचा? प्राध्यापिकेने भाषण समजावून सांगितलंच नाही. घरून वाचून या असं आधीच बजावलं होतं. तिने फक्त विचारलं, हा माणूस देशावर रागावलाय की देशावर हक्क सांगतोय? पाऊण तास वर्ग त्यावर भांडला. तो फौजी म्हणाला, हक्क असल्याशिवाय कुणी इतकं रागावत नाही. आजींना ते अजिबात पटलं नाही. त्यांनी मोडक्या इंग्रजीत का पटत नाही ते सांगितलं, आणि प्राध्यापिकेने त्यांचं म्हणणं फळ्यावर लिहून घेतलं.

म्हणून इंग्रजीची भीती थोडी बाजूला ठेवा. प्रवेशाच्या वेळी एक प्लेसमेंट चाचणी असते. तीत इंग्रजी कच्चं निघालं तर आधी ईएसएलचे, म्हणजे इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांसाठीच्या इंग्रजीचे वर्ग घ्यायला सांगतात. त्यातले काही फुकट नाहीतर अगदी थोड्या पैशांत असतात, काहींना फी पडते. त्यात कमीपणा मानू नका. जड जाईल ते दुसरंच. पहिल्या दिवशी सिलॅबस म्हणून एक लांबलचक कागद हातात पडेल. त्यात कोणत्या तारखेला काय वाचून यायचं, कोणता निबंध कधी द्यायचा, वर्गात बोलण्याला किती टक्के, सगळं ठरलेलं. आपण अपेक्षित प्रश्नसंच पाठ करून मार्चमध्ये पास झालेली माणसं. वर्गात न बोलल्याबद्दल गुण कापले जातात हे पचायला जरा वेळ जातो. आणि दुसऱ्याचं एखादं वाक्यही उगम न सांगता उतरवलंत तर शून्य, प्रसंगी विषयातून नापास. आपल्याकडे गाईडमधून जसंच्या तसं लिहिलं की दहापैकी आठ मिळायचे, ही सवय इथेच टाकून जा. प्राध्यापकांच्या ऑफिस अवर्स, म्हणजे विद्यार्थ्यांना भेटायच्या वेळा, लिहिलेल्या असतात. त्या वेळेत बिनधास्त जाऊन बसा. बाकीची मुलं जात नाहीत, त्यामुळे ते एकटेच असतात.

घ्यायचं काय? असोसिएट डिग्रीच्या मागे लागू नका, बी.ए. तुमच्याकडे आहेच. पहिल्या सत्रात एकच विषय, तीन क्रेडिटचा. स्थानिक रहिवाशाला बऱ्याच ठिकाणी क्रेडिटमागे दीडशे-दोनशे डॉलरच्या आसपास फी पडते. मात्र एच-४ वाल्या बाईला रहिवासी कधी धरायचं, याचा नियम कॉलेजागणिक वेगळा. घराचा भाडेकरार घेऊन प्रवेशाच्या खिडकीवर आधी हे विचारा, मग नाव घाला. फरक थोडाथोडका नसतो.

एक काम इथून निघायच्या आत करा. तिन्ही वर्षांचे मेमो म्हणजे गुणपत्रिका, डिग्री आणि नांदेडच्या विद्यापीठातून सीलबंद ट्रान्सक्रिप्ट. उद्या एम.ए. करावंसं वाटलं तर हे लागतं, आणि तिकडे गेल्यावर मग परभणीहून भावाच्या चकरा सुरू होतात.

तुम्ही मराठीच्या विद्यार्थिनी, ही अडचण नाही, भांडवल आहे. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये अमेरिकेला गेल्या आणि परतल्यावर १८८९ मध्ये त्यांनी 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' लिहिलं. अमेरिकेतलं सरकार, शाळा, घरं, बायकांच्या संघटना, सगळं एका मराठी बाईने मराठी बायका-पुरुषांसाठी तपासून सांगितलंय, आणि कौतुक करताना काळ्या माणसांना मिळणारी वागणूक झाकून ठेवलेली नाही. ते वाचून जा. त्याआधी १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. हे त्या वर्गात सांगितलंत तर प्राध्यापिका खुर्ची ओढून बसेल, लिहून घ्या.

निबंधाला विषय सुचत नसेल तर एक देऊन ठेवते. १ मेला आपल्याकडे सुट्टी असते, महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन. कामगार दिनाची कथा सुरू होते ती तुमच्या शिकागोत. १८८६ मध्ये आठ तासांच्या दिवसासाठी संप झाला, हेमार्केट चौकात बॉम्ब फुटला, पुढे कामगार पुढाऱ्यांना फाशी झाली. जगभर १ मे पाळतात, आणि खुद्द अमेरिका मात्र कामगार दिन सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी साजरा करते. असं का झालं, ते शोधा. चौक अजून आहे, लोकल ट्रेनने शहरात जाऊन बघता येईल.

प्रश्न : मी औसा तालुक्यातली. यंदा आर्ट्सने बारावी झाले. कॅलिफोर्नियातले मामा म्हणतात, इकडे कम्युनिटी कॉलेजला ये, माझ्याकडे राहा, अमेरिकन संस्कृतीचा अभ्यास कर. एक एजंट सगळं करून देतो म्हणाला, पण आधी पैसे मागतो. बाबा दोन एकर विकायला तयार आहेत. जाऊ का?
— एक विद्यार्थिनी

उत्तर : जमीन विकू नका. हे आधी, बाकीचं नंतर.

तुझा विषय मला मनापासून आवडला, आणि मामांनी राज्यही चांगलं निवडलंय. कॅलिफोर्नियात ११६ कम्युनिटी कॉलेजं आहेत. त्यातल्या ओकलंडच्या मेरिट कॉलेजात साठच्या दशकात ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील हे दोघे भेटले आणि १९६६ मध्ये त्यांनी ब्लॅक पँथर पार्टी काढली. तिच्यापासून प्रेरणा घेऊन १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, आणि पँथरचा आवाज नामांतराच्या लढ्यात तुझ्या-माझ्या मराठवाड्यात गल्लोगल्ली घुमला. अमेरिकन संस्कृती आपल्यापासून किती लांब आहे, असं कुणी विचारलं तर मी हेच सांगते.

पण तुझं गणित परभणीच्या ताईंसारखं नाही. तू एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जाणार. तिथल्या रहिवाशाला युनिटमागे, म्हणजे क्रेडिटमागे, ४६ डॉलर पडतात, परदेशी विद्यार्थ्याला त्याच्या कित्येक पट. मामा पक्के तिथले असले तरी भाचीला तो दर मिळत नाही. पहिल्या वर्षाचा सगळा खर्च हाताशी आहे हे आधी दाखवावं लागतं, आणि मामांकडे राहून भाडं वाचलं तरी फी, विमा, पुस्तकं, येणं-जाणं आहेच. सत्र चालू असताना काम करायचं तर कॉलेजच्या आवारातच, आठवड्याला वीस तासांपर्यंत. त्यात फी निघत नाही. दोन वर्षांनी हातात येणारी असोसिएट डिग्री इथे बी.ए. म्हणून चालत नाही, म्हणजे पुढची दोन वर्षं तिथल्याच विद्यापीठात, आणि तिथली फी आणखी मोठी. शिक्षण झाल्यावर कामासाठी मिळणारी मुदत विज्ञान-तंत्रज्ञानवाल्यांना वाढवून मिळते. ह्युमॅनिटीजवाल्यांना एक वर्षच.

आणि बारकाईने बघ, परदेशी शिक्षणाच्या सरकारी शिष्यवृत्त्या, राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आणि केंद्राची नॅशनल ओव्हरसीज, दोन्ही एम.ए. आणि पीएच.डी.साठी आहेत. बारावीनंतर गेलीस तर ते दार तुझ्यासाठी बंदच. बाबासाहेबांनी क्रम कोणता धरला? १९१२ मध्ये मुंबईत बी.ए., १९१३ मध्ये बडोद्याच्या महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ, १९१५ मध्ये एम.ए. अर्थशास्त्राबरोबर त्यांनी तिथे इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान असे विषय झपाटल्यासारखे घेतले. आणि १९५० मध्ये औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, कॉलेज सुरू केलं.

तेव्हा लातूरला नाहीतर औशालाच बी.ए. ला नाव घाल. इंग्रजी, इतिहास, राज्यशास्त्र. तिकडचं पाठ्यपुस्तक आजच वाचायचंय तर ओपनस्टॅक्सच्या संकेतस्थळावर अमेरिकन इतिहासाचं पूर्ण पुस्तक फुकट आहे. कित्येक कम्युनिटी कॉलेजांत तेच वापरतात. रोज पाच पानं, डिक्शनरी शेजारी. मामांना सांग, सुट्टीत येताना जुनी पुस्तकं आणा, चॉकलेटं नकोत.

एजंटचं म्हणशील तर विद्यार्थी व्हिसासाठी लागणारा आय-२० हा कागद कॉलेज स्वतः देतं, त्यात दलालाचं काही काम नाही. माहिती हवी असेल तर मुंबईत यूएसआयईएफ या भारत-अमेरिका शैक्षणिक संस्थेचं सल्लाकेंद्र आहे, आधी तिथे विचारा.

प्रश्न : मुलगा संभाजीनगरला बी.ए. च्या पहिल्या वर्षाला आहे. पुढे अमेरिकन साहित्यातच एम.ए. करायचं म्हणतो. मी ऊसतोड मुकादमी केलेला माणूस. रोखठोक विचारतो, यात पोट भरतं का?
— एक पालक, गेवराई

उत्तर : रोखठोकच सांगते. नुसत्या एम.ए. वर भरत नाही. कॉलेजात कायमच्या जागा कमी निघतात, आणि तासिका तत्त्वावर शिकवणारी कितीतरी हुशार पोरं मी बघितली, पगारासाठी महिनोन्महिने थांबलेली. हे मुलाला माहीत असलं पाहिजे, आणि तुम्ही सांगण्यापेक्षा त्याने त्यातल्याच एखाद्या सरांना भेटून विचारलेलं बरं.

आता दुसरं. आम्ही ऐंशीच्या दशकात या विषयात पडलो तेव्हा परभणीहून मीटरगेजच्या गाडीने रात्रभर बसून हैदराबादला जायचो. उस्मानियाच्या आवारात १९६४ पासून अमेरिकन स्टडीज रिसर्च सेंटर होतं, पुस्तकांचा डोंगर. पोटाची हमी तेव्हाही नव्हती. लातूरच्या डॉ. जनार्दन वाघमारेंनी अमेरिकेतल्या काळ्यांच्या साहित्यावर मराठीत लिहिलं, शाहू कॉलेजचं प्राचार्यपद सांभाळलं आणि पुढे नांदेड विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. सगळ्यांचं तसं होत नाही, ठाऊक आहे. पण ज्याचा हात मराठी-इंग्रजी दोन्हींत लिहिता आहे त्याला अनुवाद, पत्रकारिता, स्पर्धा परीक्षा एवढे तरी रस्ते मोकळे राहतात.

मुकादम, तुमच्या मुलाला आमच्यातल्या कुणालाच नव्हतं ते मिळालंय. विसाव्या शतकात अमेरिकेच्या दक्षिणेतून साठेक लाख काळी माणसं शेतं सोडून शिकागो, डेट्रॉइटकडे गेली. त्यांचं साहित्य वाचताना कोयता, उचल, टोळी, अड्ड्यावरचं पाल, मागे म्हाताऱ्यांपाशी ठेवलेली लेकरं हे ज्याने घरात बघितलंय तो जे लिहील, ते कुणा प्राध्यापकाच्या पोराला जमणार नाही. त्याला तुमच्याकडून टोळीचा हिशेब समजून घ्यायला सांगा, लिहूनच घेऊ दे.

आणि एम.ए. च्या पहिल्या वर्षापासून नेटची, म्हणजे प्राध्यापकीसाठीच्या पात्रता परीक्षेची तयारी सुरू करायला लावा. परीक्षा वर्षातून दोनदा होते, जून आणि डिसेंबरच्या सत्राची. अर्ज ऑनलाइन, तो त्याचा त्यानेच भरावा.