इमर्जन्सी कॉल घेताना, हसू नये तिथे हसू आलंय का कधी?

येतं की. हेडसेटला म्यूटचं बटण त्यासाठीच दिलंय, असा आमच्या पाळीतल्या सगळ्यांचा पक्का समज आहे. (कॉल गोपनीय असतात, तेव्हा ओळख पटेल असं काही लिहीत नाही.)

रोजचा विनोद पत्त्याचा. आम्ही सगळ्यात आधी पत्ता विचारतो, कारण फोन मध्येच तुटला तरी गाडी कुठे पाठवायची ते कळायला हवं. त्यावर पलीकडून, "पत्ते कसले विचारताय, आधी या तर!" पुढचे प्रश्न चालू असताना गाडी निघालेलीही असते. पण घाबरलेल्या माणसाला ते पटत नाही, त्याच्या जागी मलाही पटलं नसतं.

एकदा एका बाईंचा फोन आला. नवरा खुर्चीतून कोसळलेला, हाका मारल्या तरी हूं की चूं नाही. श्वास घेतायत का, विचारलं. "हो, घोरतायत ना. रोज तर याहून जोरात घोरतात."

माझ्या पोटात गोळा आला. हृदय बंद पडल्यावर काही मिनिटं माणूस अधूनमधून आचके देतो. ऐकणाऱ्याला ते घोरणं वाटतं, पण तो श्वास नव्हे. म्हटलं, त्यांना जमिनीवर उताणं झोपवा, छातीच्या मधोमध तळहात, त्यावर दुसरा, आणि निदान 5 सेंटिमीटर खाली जाईल असं दाबा. मिनिटाला 100 ते 120 वेळा. मोठ्याने मोजा, म्हणजे मला वेग कळेल.

बाई मोजू लागल्या. "सतरा, अठरा, तरी सांगत होते डॉक्टरला दाखवा, एकोणीस, वीस, पण माझं ऐकतं कोण या घरात, एकवीस..." टोमणा आला की हात जरा जास्तच जोरात पडायचा, ते फोनवरही कळत होतं. मी अडवलं नाही. रागाने दाबलं तरी रक्त मेंदूकडे जातंच. "आले, आले!" म्हणत त्यांनी फोन टाकला. पुढे काय झालं ते आम्हाला बहुतेक वेळा कळतच नाही.

दुसरे एक गृहस्थ. घरात चोर, हे कपाटात लपलेले, आवाज जेमतेम ऐकू येईल इतका. मी हळूच म्हटलं, बोलू नका, हो असेल तर फोनवर एकदा टिचकी मारा. क्षणभर काही नाही. मग कपाट दणाणून सोडत, "काय? ऐकू येत नाही, मोठ्याने बोला!"

चोराला ऐकू गेलं असावं. पोलीस पोचले तेव्हा मागचं दार सताड उघडं, आणि गृहस्थ कपाटातूनच मला विचारतायत, "गेला का हो?"